मोडीचा भाव आधी सांगा

भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावात सराफाच्या पेढीवर चांदीचे गिऱ्हाईक आजवर ठरावीक कारणांनी येत आले: लग्नाची जोडवी-पैंजण, बाळाचे वाळे, देव्हाऱ्यातले टाक. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक बाजारात चांदीने औंसाला ५० डॉलरची पातळी ओलांडली आणि आणखी एक गिऱ्हाईक पेढीची पायरी चढू लागले. त्याला दागिना नको असतो, ‘पैसे गुंतवायचेत’ असे ते म्हणते. सोयाबीनचे पैसे हाती आलेले असतात किंवा दूध-खव्याचे साठलेले असतात. शेअर बाजाराचा भरवसा वाटत नाही आणि सोने आवाक्याबाहेर गेलेले असते. हे गिऱ्हाईक आपणा सराफांकडे माल मागत असले, तरी त्याला खरी गरज सल्ल्याची आहे. चांदी विकण्याआधी ती परत आणल्यावर काय मिळेल हे आपण त्याला सांगितले पाहिजे आणि बिलावर लिहून दिले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हिशेब सोपा व्हावा म्हणून चांदीचा भाव भाराला १,००० रुपये धरू. गिऱ्हाइकाने २० भाराचे पैंजण घेतले. टंच ७० असला तरी गावोगावच्या रिवाजाप्रमाणे आकारणी पूर्ण भावाने होते, कारण आपली मजुरी आणि नफा त्या टंचातच बसलेला असतो. म्हणजे २०,००० रुपये आणि ३ टक्के जीएसटीचे ६००, एकूण २०,६००. महिन्याभराने तेच पैंजण मोडीत आले, तर आपण त्यातली चोख चांदी मोजतो. ती भरते १४ भार, किंमत १४,००० रुपये. भाव जागच्या जागी असताना गिऱ्हाइकाचे ६,६०० रुपये गेले आणि मुद्दल सुटायला भाव ४७ टक्क्यांनी वाढावा लागेल. आता तेवढ्याच वजनाची ९९९ शुद्धतेची नाणी धरा. घडणावळ ३ टक्के, त्यावर जीएसटी आणि मोडीत २ टक्के घट धरली, तरी सव्वाआठ टक्क्यांच्या वाढीत पैसे सुटतात. पैंजण पायात घालायचे असतील तर पहिल्या व्यवहारात गैर काही नाही. वापराचे मोल असतेच. पण गुंतवणूक म्हणून ते कोणी मागत असेल आणि आपण हा फरक न सांगता वजन करून देत असू, तर ती फसवणूकच आहे.

टंच लिहून न ठेवल्याने काय होते, याचा पुरावा या भागातल्या जुन्या घरांत आहे. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आजीच्या गाठोड्यातून निजामाचे हाली आणि इंग्रजांचे कलदार असे दोन्ही रुपये निघतात. राणीछाप कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी जवळपास ९२ टक्के. जुना हाली रुपया सुमारे ११.२ ग्रॅमचा, चांदी ८२ टक्क्यांच्या आत. आणि १९४० नंतरच्या कलदारात चांदी निम्म्यावर आलेली. विकायला आणणाऱ्याच्या लेखी तिन्ही सारखेच ‘चांदीचे रुपये’ असतात. त्यांत अनुक्रमे पावणेअकरा, नऊ आणि पावणेसहा ग्रॅमच्या आसपास चांदी आहे, हे फक्त आपल्याला कळते. निदान त्या नाण्यांवर साल तरी असते. आपण विकलेल्या बिनशिक्क्याच्या डागावर काहीच नसते.

१ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या डागांनाही सोन्याप्रमाणे एचयूआयडी क्रमांकासह हॉलमार्क घेता येऊ लागला. सरकारने सक्ती मात्र केली नाही. हॉलमार्क केंद्र दूर आहे, किरकोळ चांदीसाठी तिथवर जाणे परवडत नाही, असे आपल्यापैकी अनेक जण म्हणतील. अडचण खरी आहे. पण नाणे किंवा बिस्किट शिक्का मारूनच येते, ते विकताना ही सबब राहत नाही. आणि हुपरीच्या पैंजणांचा टंच घाऊक व्यापाऱ्याकडून घेताना आपण विचारतोच, तो आपल्या बिलावर उतरवायला कोणतेही केंद्र लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चांदीत सुटते ते मजुरीतच, नाण्यावर काय उरणार? उत्तर असे की मजुरीवर जगणाऱ्या पेढीने मजुरी उघड लावावी. टंचात लपवलेली मजुरी मोडीच्या दिवशी उघडी पडते आणि ते गिऱ्हाईक पुढचे मंगळसूत्र घ्यायला बार्शीला जाते.

कर्जाच्या बाबतीत दागिन्याची बाजू वरचढ आहे, हेही मान्य केले पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या निर्देशांनुसार १० किलोपर्यंत चांदीचे दागिने आणि ५०० ग्रॅमपर्यंत नाणी तारण ठेवता येतात. विटेवर कर्ज मिळत नाही. मात्र बँकही मोल करते ते शुद्धतेचेच, मजुरीचे नव्हे. चांदीचा ईटीएफ २०२२ पासून आहे आणि ज्याचे डीमॅट खाते आहे त्याला तो जरूर सांगावा, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीची टंचाई इतकी वाढली की काही फंडांनी चांदीच्या योजनांत एकरकमी पैसे घेणे थांबवले, हेही सांगावे.

राहिला भाव. एप्रिल २०११ मध्ये चांदी किलोला ७० हजारांच्या पुढे गेली, २०१५ संपताना निम्म्याच्या आसपास आली आणि तो उच्चांक मागे पडायला २०२० उजाडले. जुलै २०२४ मध्ये सीमाशुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले, तेव्हा तर जागतिक बाजारात फारसे काही न घडता आपल्याकडचा भाव एका दिवसात घसरला. नऊ वर्षे थांबणे मुंबईच्या गुंतवणूकदाराला जमेल. भूम-परंड्याच्या शेतकऱ्याला सप्टेंबर २०२५ च्या पुरासारखे संकट तेवढे थांबू देत नाही. त्याला मोड करावी लागते ती अडीनडीच्या दिवशी, भाव असेल त्या भावात. म्हणून बियाण्याचे, दवाखान्याचे पैसे चांदीत घालू नका, उरतील त्यातून महिन्याला भार-दोन भार घ्या, हे पेढीवरच सांगितले गेले पाहिजे. अशा गावात हे सांगणारा दुसरा जाणकार बहुधा नसतो.

कायदा सक्ती करील तेव्हा करील. येत्या अक्षय्य तृतीयेपासून चांदीच्या प्रत्येक बिलावर वजन, टंच, मजुरी आणि मोडीचा दर हे चार आकडे लिहायला सुरुवात करा.