टोकन देताना, टोकन सोडवताना

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या विशेष शिक्षकांसाठी पुढचे काही आठवडे वैयक्तिक शैक्षणिक आराखडे लिहिण्याचे आणि वर्गात कृतिकोपरे मांडण्याचे आहेत. त्यांतला बक्षिसाचा भाग अनेकदा घाईत उरकला जातो. सगळ्यांना तेच चॉकलेट, सगळ्यांना तोच चांदणीचा तक्ता!

बक्षिसाची पद्धत शास्त्रीय पायावर उभी आहे. कामाबद्दल टोकन आणि टोकनांच्या बदल्यात बक्षीस देण्याच्या टोकन पद्धतीवरचा आयलॉन आणि ॲझ्रिन यांचा ग्रंथ १९६८ सालचा. बौद्धिक दिव्यांगत्वावर काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने १९९२ मध्ये काढलेल्या पेशावरिया आणि वेंकटेशन यांच्या पुस्तिकेने वर्तन-पद्धत भारतीय शिक्षकांच्या हाती दिली. पण १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी दाखवलेली दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीच्या मुलांना आधी बक्षीस कबूल केले, तर पुढे ती आपणहून कमी वेळ चित्रे काढू लागली. म्हणून जे मूल आवडीने करते, त्यावर टोकन लावू नये. जिथे गोडी अजून लागलेली नाही, तिथेच ते लावावे.

आवड कशी ओळखावी? चार-पाच वस्तू समोर ठेवा आणि मूल काय उचलते, कशाशी रमते ते पाहा. कृतिकोपऱ्यातही हेच दिसते. उदाहरणार्थ, कापसाचा कोपरा घ्या. डाव्या ताटात पाच फुटलेली बोंडे, त्यांची टोचरी टोके आधीच काढलेली. उजवीकडे दोन टोपल्या, एक पांढऱ्या कापसाची, एक कवडीची, म्हणजे खराब कापसाची. मूल कापूस ओढते, आतली सरकी चाचपते, निवडून टाकते. ताट रिकामे झाले की काम संपले, हे सांगावे लागत नाही. घरी कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला आपल्या मराठी सूचनेपेक्षा हे रिकामे ताट लवकर समजते.

एखाद्याला कापसाचा स्पर्शच इतका आवडतो की तो तिथून हलत नाही. अशा मुलाला टोकन कशाला? आधी गुंडी लावण्याचा अवघड कोपरा, मग कापसाचा. आवडीचे काम नावडत्या कामामागे ठेवण्याचे हे तत्त्व प्रेमॅक यांनी १९५९ मध्ये मांडले. ते वापरायला खर्च काहीच येत नाही.

जिथे टोकन लागतेच, तिथे ते सोडवण्याची, म्हणजे हळूहळू कमी करत थांबवण्याची, योजनाही आराखड्यातच हवी. सुरुवातीला प्रत्येक गुंडीला टोकन, मग तीन गुंड्यांना, मग पूर्ण सदऱ्याला. प्रत्येक वेळी सोबत मुलाच्या घरच्या भाषेतले कौतुक. एखादी पायरी घेतल्यावर मूल काम टाकून उठू लागले, तर एक पायरी मागे या. सदरा घातल्यावर बाहेर खेळायला जायचे असते, एवढेच कारण ज्या दिवशी पुरेल, त्या दिवशी ते कौशल्य मुलाचे झाले.

कापूस वेचणीच्या दिवसांत पालक शेतात असतात आणि हजेरी घटते. त्याआधी हातात असलेल्या महिन्यांत प्रत्येक मुलाचे निदान एक टोकन तरी सोडवून दाखवा. ते कसे सुटले, कुठे अडले, याच्या नोंदी आमच्याकडे पाठवा. शेजारच्या तालुक्यातल्या शिक्षकाला त्यांचा उपयोग होईल.