घरातील बिनतारी जाळे : निवडीचा विवेक

पूर्वी घर बांधावयाचे ठरले म्हणजे विहीर कोठे खणावी, चूल कोठे मांडावी, देवघर कोणत्या बाजूस असावे, याचा विचार घरातील वडीलधारी मंडळी दिवसचे दिवस करीत. आज विहिरीची जागा नळाने आणि चुलीची जागा गॅसच्या शेगडीने घेतली आहे. तरी त्यांच्या जागा आपण विचारपूर्वकच ठरवितो. परंतु ज्या एका वस्तूवर मुलांचा अभ्यास, आईवडिलांचे कार्यालयीन काम, बँकेचे व्यवहार आणि आजीआजोबांचे दूरदेशीच्या नातवंडांशी बोलणे अवलंबून असते, त्या राउटरची जागा मात्र तार ओढावयास आलेला माणूस दोन मिनिटांत ठरवून मोकळा होतो. बहुधा ती जागा दाराजवळच्या पहिल्या खोलीत, दूरदर्शन संचाच्या मागे असते. पुढे मागल्या खोलीत इंटरनेट पोहोचत नाही अशी तक्रार सुरू होते आणि कोणीतरी सल्ला देतो, 'मेश बसवून घ्या.' हा सल्ला केव्हा घ्यावा, केव्हा घेऊ नये, आणि घ्यावयाचाच तर काय पाहून घ्यावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आमचे मत आरंभीच स्पष्ट सांगतो. मेश ही उत्तम योजना आहे. परंतु ती तिसरी पायरी आहे. पहिली पायरी मोजण्याची आणि राउटर हलविण्याची, दुसरी तार ओढण्याची. पहिल्या दोन पायऱ्या गाळून जो तिसरीवर उडी घेतो, त्याचे पैसे खर्च होतात आणि दुखणे पुष्कळदा तसेच राहते.

प्रथम हे दुखणे मुळात का होते ते पाहू. धारवाडचे आकाशवाणी केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले. मध्यम लहरींवर ७६५ किलोहर्ट्झला लागणारे ते केंद्र आपल्या भागातील पिढ्यांनी ऐकले. जाड भिंतींच्या माजघरातही त्याचा आवाज स्पष्ट येई. मग त्याच माजघरात दोन खोल्यांपलीकडचे वायफाय का येऊ नये? याचे एक कारण शक्तीत आहे, दुसरे लहरीच्या लांबीत. आकाशवाणीचे प्रक्षेपक किलोवॅटमध्ये मोजले जातात. घरातील राउटर वॅटच्या काही अंशाएवढ्याच शक्तीने बोलतो. शिवाय ७६५ किलोहर्ट्झची लहर सुमारे ३९२ मीटर लांब असते, तर वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटर आणि ५ गिगाहर्ट्झची सहा सेंटिमीटर. हुबळीच्या रेल्वे स्थानकावरील १५०७ मीटर लांबीच्या फलाटाचे लोकार्पण १२ मार्च २०२३ रोजी झाले. त्या फलाटावर आकाशवाणीच्या चार लहरीही पुरत्या मावणार नाहीत. वायफायच्या मात्र बारा हजारांवर मावतील. लांब लहरी अडथळ्यांना वळसा घालून पुढे जातात. आखूड लहरी भिंतीत शोषल्या जातात, धातूवरून परत फिरतात आणि पाण्यात विरतात. म्हणून दगडी भिंत, सळयांचा स्लॅब, लोखंडी कपाट, मोठा आरसा व पाण्याची टाकी हे वायफायचे पाच शत्रू समजावेत.

आपल्या जोडशहरात हे पाचही शत्रू भरपूर आहेत. जुन्या हुबळीत आणि धारवाडच्या जुन्या वस्त्यांत हातभर रुंदीच्या दगडमातीच्या भिंती अजून उभ्या आहेत. नव्या वसाहतींत घरे उंच वाढली. खाली आजीआजोबा, वर मुलगा-सून, त्याहून वर नातवंडांची अभ्यासाची खोली आणि गच्चीवर टाकी. अशा तीन मजली घरात एक राउटर खालच्या कोपऱ्यात ठेवणे म्हणजे ओसरीत एक दिवा लावून माळ्यावर वाचावयास बसण्यासारखे आहे.

आता मेश म्हणजे काय ते समजून घेऊ. एका राउटरऐवजी दोन किंवा तीन लहान युनिटे घरात ठिकठिकाणी ठेवावयाची. त्यांतील एक इंटरनेटच्या तारेस जोडलेले, बाकीची त्याच्याशी आणि एकमेकांशी बिनतारी बोलणारी. आणि सर्वांचे नाव व संकेतशब्द एकच. ही कल्पना घरात येण्यापूर्वी गावात वापरली गेली होती. जानेवारी २००५ मध्ये भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरील वापरासाठीही परवानामुक्त केला आणि लगेच फेब्रुवारीत हिमाचल प्रदेशातील धरमशाळेच्या डोंगराळ वस्तीत सामुदायिक मेश उभे राहिले. महिनाअखेर आठ संस्थांची आवारे त्याने जोडली. एका डोंगराआडून दुसरे घर दिसत नसेल तर तिसऱ्या घराच्या छपरावरून संदेश पाठवावयाचा, हे त्यामागील साधे तत्त्व. या प्रकारच्या जाळ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक २०११ मध्ये आले आणि घरगुती वापराचे तयार संच २०१६ पासून बाजारात दिसू लागले.

स्वस्त रिपीटर आणि मेश यांत लोक गल्लत करतात. साधा रिपीटर ऐकलेले पुन्हा बोलतो, एवढेच. पुष्कळदा त्याचे नावही वेगळे असते आणि जिना चढताना मोबाइल जुन्याच नावाला चिकटून राहतो. चांगल्या मेशमधील युनिटे परस्परांशी सल्लामसलत करून मोबाइलला जवळच्या युनिटाकडे वळविण्यास मदत करतात. त्यामुळे बोलता बोलता वर गेले तरी बोलणे तुटण्याची भीती कमी होते.

परंतु येथेच एक गोष्ट ध्यानात घ्यावी, जी जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेली नसते. स्लॅब टाकताना गवंड्याच्या हाताखालची माणसे रांगेने घमेली पुढे देतात. मधल्या माणसाला हात दोनच. त्याच हातांनी त्याने घमेले घ्यावयाचे आणि त्याच हातांनी पुढे द्यावयाचे. म्हणून तो घेत असताना देऊ शकत नाही. ज्या मेशमध्ये मोबाइलशी बोलणे आणि युनिटांचे आपसातील बोलणे एकाच पट्ट्यावर चालते, तेथे असेच घडते व प्रत्येक टप्प्यावर वेग साधारण निम्मा होतो. तीन पट्ट्यांच्या संचात मधल्या माणसाला जणू आणखी हात मिळतात, पण त्याची किंमतही तशीच असते. याउलट युनिटे तारेने जोडली तर रांगेची गरजच उरत नाही. साधी 'कॅट-६' तार शंभर मीटरपर्यंत सेकंदास एक गिगाबिट वाहून नेते. घर बांधतानाच प्रत्येक मजल्यावर एक नळी आणि एक तार घालून ठेवणे याइतके दूरदर्शी काम नाही. नवे घर बांधणाऱ्या पालकांनी विजेच्या नकाशाबरोबर याचाही नकाशा करावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

खरेदीपूर्वी मोजावे कसे? यास यंत्र नको, मोबाइल पुरेसा आहे. राउटरच्या शेजारी उभे राहून वेग मोजावा आणि मग अभ्यासाच्या जागी बसून पुन्हा मोजावा. राउटरजवळच वेग कमी असेल, तर दोष भिंतीचा नाही, बाहेरून येणाऱ्या जोडणीचा आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? अशा वेळी मेश घेणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. राउटरजवळ वेग उत्तम आणि अभ्यासाच्या खोलीत थोडा कमी असेल, तर राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर, उघड्यावर आणून पाहावा. स्पष्ट चित्रफितीस सेकंदास पाच मेगाबिट पुरतात. तेवढे मिळाले की बाकी वेग हा बडेजाव आहे. राउटर हलवूनही खोली कोरडीच राहिली, तर तेथपर्यंत तार नेऊन एक जोडराउटर बसवावा. घर मोठे असेल आणि अनेक मजल्यांवर अडचण असेल, तेव्हाच मेशचा विचार करावा.

मेश घ्यावयाचेच ठरले, तर काही गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक युनिटाला तारेची खोबण आहे की नाही, हे प्रथम पाहावे; आज तार नसली तरी उद्या ओढता येईल. दुसरे युनिट जेथे वायफाय मुळीच पोहोचत नाही तेथे ठेवू नये. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? ते वाटेत, चांगले ऐकू येईल अशा ठिकाणी ठेवावे. तीन युनिटांच्या मोहात पडण्यापूर्वी दोन बसवून पाहावीत. युनिटे 'ईझीमेश' या २०१८ पासूनच्या सामायिक पद्धतीची असतील, तर पुढे दुसऱ्या कंपनीचे युनिट जोडण्याची शक्यता राहते. नाहीतर एकाच कंपनीच्या दारात उभे राहावे लागते. सुरक्षिततेसाठी 'डब्ल्यूपीए-३' असावे आणि कंपनी सुधारणा किती वर्षे देणार हे विचारावे. पालकांच्या देखरेखीसारख्या सोयींना दरमहा वर्गणी तर नाही ना, हेही विचारून घ्यावे. जुन्या राउटरमागे नवे मेश लावताना एकाच यंत्राला राउटरचे काम द्यावे. दोघेही कारभारी झाले की घोटाळा होतो. आणि वीज गेल्यावर काय, हा प्रश्न विसरू नये. एका राउटरला लहान यूपीएस पुरतो. मेशमध्ये फायबरची डबी आणि वाटेतील प्रत्येक युनिट जिवंत राहिले तरच वरच्या मजल्यावर दिवा लागतो.

आतापर्यंतचा विचार यंत्राचा झाला. परंतु खरा प्रश्न घरातील न्यायाचा आहे. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर आले, तेव्हा ज्या मुलाच्या वाट्याला पुढची खोली आली त्याला शिक्षकांचा आवाज ऐकू आला. ज्या मुलीला स्वयंपाकघरालगतच्या खोलीत बसावे लागले तिला तुटक शब्द मिळाले. दोघे एकाच घरातील, जोडणी एकच, वर्गणी एकच. वायफायची योजना दिवाणखान्यातील मोठ्या संचासाठी आखली जाते; ती घरातील सर्वांत दुबळ्या कोपऱ्यासाठी आखली जावी, असे आमचे ठाम म्हणणे आहे. त्या कोपऱ्यात पुरेसे पोहोचले की बाकी घरात आपोआप पोहोचतेच. कर्नाटकात राहून मराठी वाचणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना तर या कोपऱ्याचे मोल अधिक आहे. मराठी पुस्तकांसाठी आपल्याला पुणे-कोल्हापूरकडे पाहावे लागते. पण मराठी विश्वकोश आज संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. तो ज्या खोलीत मूल वाचते त्या खोलीत पोहोचला पाहिजे.

यावर काही पालक म्हणतील, 'अभ्यासाच्या खोलीत इंटरनेट येत नाही हेच बरे. मुले बिघडणार नाहीत.' त्यांची चिंता खोटी नाही. रात्री अपरात्री मोबाइलमध्ये डोके खुपसून बसलेली मुले आम्हीही पाहतो. परंतु शिस्त लावण्याचे काम भिंतीवर सोपवू नये. भिंत खेळ अडविते तसा पाठही अडविते. तिला भेद कळत नाही. शिवाय मोबाइलच्या स्वतःच्या इंटरनेटला ती भिंत आड येईलच असे नाही. वेळेचे बंधन बोलून, समजावून आणि स्वतः पाळून घालावे लागते. रात्री अमुक वाजता सर्वांचे मोबाइल एका ठिकाणी ठेवण्याचा नियम वडीलमंडळींनी पाळला तर मुलेही पाळतात.

विद्यार्थी मित्रहो, या कामात तुम्ही घराला मोठी मदत करू शकता. चौकटीच्या कागदावर आपल्या घराचा आराखडा काढा. भिंती, जिना, कपाटे, टाकी दाखवा. प्रत्येक खोलीत सकाळी एकदा आणि रात्री एकदा वेग मोजून आकडा लिहा. राउटर हलवून पुन्हा मोजा. भूगोलाच्या तासाला काढलेल्या पर्जन्यमानाच्या नकाशासारखा हा नकाशा दिसेल : कोठे अतिवृष्टी, कोठे अवर्षण. तो आईवडिलांपुढे ठेवा आणि मगच सर्वांनी मिळून ठरवा की राउटर हलवावयाचा, तार ओढावयाची, की मेश आणावयाचे. आणि नकाशावर सर्वांत कोरडी दिसणारी खोली कोणाची आहे, हे ठरविण्यापूर्वी एकदा मोठ्याने विचारा.