कारची सीट ट्रॅक्टरला? आधी कंबरेला विचारा



परवा शेजारच्या गावातल्या एका पोराने मोठ्या कौतुकाने त्याचा ट्रॅक्टर दाखवला. भंगारातल्या कारची पुढची सीट बसवलेली. काळं रेक्झिन, लाल धाग्याची शिलाई, मान टेकायला उशी. म्हणाला, "काका, बसून तर बघा, सोफा आहे सोफा!" बसलो. खरंच सोफा होता. उतरलो आणि म्हटलं, "बाळा, काढून टाक." त्याचं तोंड पडलं. त्याला उभ्या उभ्या सगळं समजावता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. टिटवाळ्यापासून खडवलीपर्यंत ही फॅशन वाढत चाललीय, आणि मोबाईलवर रोज कुणीतरी "दोन हजारात ट्रॅक्टरला कारची सीट" दाखवून टाळ्या घेतोय.

मी हे शहाणपण फुकट शिकलो नाही. तीन वर्षांपूर्वी मीपण हेच केलं होतं. मूळ सीटचा फोम संपला होता, खाली नुसता पत्रा. भंगारवाल्याकडून सीट आणली, वेल्डिंगवाल्याने तिच्या पट्ट्या दोन ठिकाणी टाका मारून बसवून दिल्या. उन्हाळ्यात नांगरटीला राजा असल्यासारखं वाटलं. मग पाऊस लागला आणि चिखलणी सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी फोमने पाणी पिलं ते लावणी संपेपर्यंत सोडलं नाही. सकाळी बसलं की विजार ओली. एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो.

काळूच्या बाजूला आमची खाचरं एकाखाली एक आहेत. केज व्हील लावून एका खाचरातून वरच्या खाचरात चढताना, ट्रॅक्टरचं नाक वर झालं आणि सीट खाडकन मागे सरकली. चार बोटं. जास्त नाही. पण त्या चार बोटांनी डावा पाय क्लचवरून सुटला. क्लच एकदम लागला, पुढची चाकं उचलली. हात इंजिन बंद करायच्या नॉबपर्यंत पोचला म्हणून आज हे लिहितोय. नंतर खाली वाकून बघितलं तर सीटचा खटका एकाच बाजूला लागत होता, दुसऱ्या बाजूचा गंजून गेलेला. ट्रॅक्टर मागे उलटायला किती वेळ लागतो हे ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. तुम्ही "अरे" म्हणेपर्यंत खेळ संपतो.

आता मुद्द्यावर येतो.

पहिली गोष्ट, कारची सीट कारसाठी मऊ असते, ट्रॅक्टरसाठी नाही. कारला चारही चाकांना स्प्रिंग आणि शॉकअप असतात. रस्त्याचा दणका आधी ते खातात, उरलासुरला सीटपर्यंत येतो. आपल्या ट्रॅक्टरच्या मागच्या धुऱ्याला स्प्रिंग नसते. टायरची हवा हीच काय ती स्प्रिंग. शेतात चालताना ट्रॅक्टर सेकंदाला साधारण २ ते ५ वेळा वरखाली हलतो. कारच्या सीटचा फोम माणसाच्या वजनासकट सेकंदाला ४ हेलकाव्यांच्या आसपास स्वतःच डोलायला लागतो. म्हणजे दणका मरायच्या जागी वाढतो. झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की झोका उंच जातो ना, तसंच. आणि माणसाचा मणका उभ्या दणक्याला सगळ्यात कच्चा कुठे? सेकंदाला ४ ते ८ या टप्प्यात. अंगाला बसणाऱ्या कंपनाच्या मोजमापाचं आयएसओ २६३१ हे मानक आहे, त्यातही उभ्या कंपनाला सगळ्यात जास्त वजन याच टप्प्याला दिलेलं आहे. थोडक्यात, उभ्या ट्रॅक्टरवर बसून बघाल तर सोफा, आणि ढेकळात चाललात तर पाठीवर हातोडा. बसताना मऊ लागलं की कंबर वाचली, हा सगळ्यात मोठा भ्रम आहे.

दुसरी गोष्ट, पाठ. ट्रॅक्टरच्या सीटची पाठ बुटकी का असते? कंपनीने रेक्झिन वाचवलं म्हणून नाही. आपलं अर्धं काम मागे बघून असतं. रोटाव्हेटर किती खोल चाललाय, नांगराला पाला अडकलाय का, ट्रॉलीजवळ कोण उभं आहे. कारची उंच पाठ आणि वरची उशी खांदा वळू देत नाही. मग माणूस कंबरेतून पिळवटून बघतो, नाहीतर बघायचंच सोडतो. दोन्ही वाईट. ट्रॅक्टर मागे घेताना मागे उभं असतं ते आपलंच पोर असतं.

तिसरी गोष्ट, बसवणं. कारमध्ये ही सीट जाड केलेल्या तळाला सहसा चार बोल्टांनी धरलेली असते. आपण ती पत्र्यावर दोन टाके मारून बसवतो आणि म्हणतो, "काय होतंय?" वर पट्ट्यांमुळे सीट उंच होते. मांडी स्टिअरिंगला घासते, पाय ब्रेकवर पूर्ण दाबत नाही. कारचा पट्टासुद्धा सीटबरोबर येत नाही, कारण त्याचं वरचं टोक बहुतेक गाड्यांत दाराच्या खांबाला असतं. ट्रॅक्टरला उलटल्यावर वाचवणारी फ्रेम नसेल तर पट्टा लावणं उलट घातक. फ्रेम असेल तर पट्टा हवाच. हा हिशेब वेल्डिंगवाला करत नाही.

चौथी गोष्ट कुणी सांगत नाही. बऱ्याच नव्या गाड्यांच्या सीटच्या पाठीत, दाराच्या बाजूला, एअरबॅग असते. गाडी ठोकली तरी प्रत्येक वेळी ती फुटलेली असतेच असं नाही. तिच्यात स्फोटक भरलेलं असतं. त्यावर ग्राइंडर किंवा वेल्डिंगची उष्णता लागली तर काय होईल, विचार करा. सीटखाली पिवळी वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसला, पाठीला एअरबॅगची चिठ्ठी शिवलेली दिसली, तर त्या सीटला हात लावू नका. युरोपने २००५ मध्येच नियम केला की एअरबॅग, पट्टे आणि ज्यांच्यात हे बसवलेले असतात अशा सीटा जुन्या गाडीतून काढून नव्या गाडीच्या बांधणीत वापरायच्या नाहीत. आपल्याकडे ऑगस्ट २०२१ मध्ये जुन्या गाड्या मोडीत काढायचं धोरण आलं. गाड्या मोडीत निघतील तशा सीटा बाजारात येणार. कुर्ल्याच्या भंगार बाजारात पैसे टाकले की काय मिळत नाही? पण गाडी कशी गेली होती, पुरात बुडाली होती की ठोकली होती, हे सीटवर लिहिलेलं नसतं. २६ जुलै २००५ आणि २०१९ चा पूर आपण बघितलाय. पाण्यात राहिलेल्या सीटचा कव्हर धुऊन निघतो, आतला सांगाडा गंजतच राहतो.

आता सगळ्यात जास्त राग येतो ती गोष्ट. लावणीच्या दिवसांत मुरबाड-शहापूरकडच्या पाड्यांवरून बाया येतात. त्यांना आणायला छोट्या हत्तीच्या हौद्यात कारच्या जुन्या सीटा टाकून "बसायची सोय" केली जाते. काही बोल्ट नाही, काही नाही, नुसत्या ठेवलेल्या. ब्रेक लागला की पंधरा-वीस किलोची सीट बाईसकट पुढे. मालकाला विचारलं तर म्हणतो, "अहो, आधी त्या पत्र्यावर बसायच्या, मी तर मान दिला." दादा, हा मान नाही, देखावा आहे. आपल्या घरच्या लेकीला त्या सीटवर बसवून कल्याणला पाठवाल का?

कायद्याचंही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर कंपनीने दिलेली जी माहिती आहे, तिच्याशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. बसायची संख्या आरसीवर असते. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ अ आलं, त्यात अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही. आणि मालवाहू गाडीत फुकट बसवून नेलेला प्रवासी त्या गाडीच्या सक्तीच्या विम्यात येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने आशा राणी खटल्यात सांगितलेलं आहे. अपघात झाला तर सात-बारा विकून भरपाई द्यायची वेळ येते.

"मग काय, काका, पत्र्यावर बसायचं?" हा प्रश्न रास्त आहे. ज्याची कंबर दुखते तो आरामासाठी हात-पाय मारणारच. मी त्याला दोष देत नाही. माझा राग जुगाडावर टाळ्या वाजवणाऱ्यांवर आहे. तर करायचं काय, ते लिहितो.

एक, मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरची स्प्रिंग आणि शॉकअपवाली सीट शोधा. ती मुद्दाम हळू डोलण्यासाठी बनवलेली असते, म्हणून दणका खाते. तिला वजनाचा नॉब असतो. तो आपल्या वजनाला लावा. बापाच्या वजनाला लावलेली सीट पोराला उपयोगाची नाही. दोन, चारही बोल्ट, डोक्यावर ८.८ लिहिलेले, आणि खाली जाड पट्टी. टाके मारून भागवू नका. तीन, खटका दोन्ही बाजूंनी लागतोय का, ते हाताने जोर लावून रोज बघा. चार, मागच्या टायरची हवा. शेतात आणि रस्त्यावर वेगवेगळी हवा पुस्तिकेत दिलेली असते. टणक फुगवलेल्या टायरवर जगातली कुठलीच सीट चालत नाही. हवा बरोबर केली तर फुकटात पाठ वाचते. पाच, तासाभराने उतरा, चार पावलं चाला.

आणि कृषी अधिकारी, शास्त्रज्ञ मंडळी हे वाचत असाल तर तुम्हालाही हात जोडून. मातीचा सामू तुम्ही विचारता, कंबरेचा कधी विचारत नाही. बुदनीच्या केंद्रीय संस्थेच्या ट्रॅक्टर चाचणी अहवालात कंपनाचं मोजमाप असतं, ते शिवारफेरीत कधी कुणी वाचून दाखवलेलं मला आठवत नाही. महाडीबीटीवर रोटाव्हेटरला अर्ज करणारे दहा भेटतात, चांगल्या सीटला अर्ज केलेला एकही भेटला नाही. ट्रॅक्टर घेताना एचपी विचारतो, मायलेज विचारतो, हप्ता विचारतो. जिच्यावर आयुष्याची पंधरा-वीस वर्षं बसायचं ती सीट विचारत नाही. ही चूक आपलीपण आहे.

माझी ती सीट आता ओटीवर आहे. आई त्यावर बसून वाल सोलते. तिथे ती अगदी शोभते. ट्रॅक्टरवर तिची जागा नव्हती.

त्या पोराला एवढंच सांगणं, बाळा, रागावू नको. रविवारी ट्रॅक्टर घेऊन ये. पाने माझ्याकडे आहेत, दोघं मिळून काढू.