पट्ट्याची खूण

गळ्यावरचे केस पट्ट्याच्या रुंदीएवढे झिजलेले. फाटकाशी मोटार थांबली की निवाऱ्यातला हा लॅब्रॅडॉर अजूनही जाळीकडे धावतो. रस्त्यावर वाढलेले कुत्रे निदान वाहने चुकवायला शिकते. घरातून हाकललेल्याला तेही येत नाही. भुकेने हाल होतील अशा रीतीने प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. दोन वडापावांत सुटका!

त्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानकांच्या आवारातील भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवण्यास सांगितले. निवारे मात्र आधीच तुडुंब. एकाच्या पिंजऱ्यात दोघे, कधी तिघे. दंड वाढवायलाच हवा, पण जागा त्याने होणार नाही. ती कुणी कुत्रे घरी नेले तरच होते. पिल्लांना गिऱ्हाईक मिळते, अडचण असते ती सात-आठ वर्षांच्या शांत, गावठी कुत्र्यांची. कायमचे जमत नसेल, तर पंधरा दिवस सांभाळा. तेही नाही? जुन्या चादरी आणि रद्दी द्या. रोज पिंजऱ्यांत अंथरायला तीच लागते.