सदाफुलीने काय शिकवलं?

मागे हळदीच्या कॅप्सूलवर लिहिलं तेव्हा ज्यांनी मला आयुर्वेदाचा वैरी ठरवलं, त्यांनी या आठवड्यात नवा साक्षीदार आणला आहे. धर्मापुरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या आफ्रिकेचे मसाले फिरताहेत. खा, कॅन्सर पळतो! केदारेश्वराच्या या गावाला पुरावा थेट कॅमेरूनचा.

साक्षीदार खोटा नाही. कॅमेरूनच्या चांग विद्यापीठातल्या व्हिक्टर कुएटे आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये तिथल्या मसाल्यांचे अर्क रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींवर तपासले. औषधाला दाद न देणाऱ्या पेशींनाही काही अर्कांनी आवरलं. पण काचेच्या बशीत. बशीत फिनाइलनेही पेशी मरतात, म्हणून कुणी ते भाजीत घालत नाही.

हळदीचं तेच. तिच्यातलं कर्क्युमिन बशीत शूर, पोटात गेलं की रक्तात जेमतेम उतरतं. 2017 च्या एका आढाव्यात 120 हून अधिक मानवी चाचण्या धुंडाळल्या, काटेकोर कसोटीत ठाम यश एकीलाही नव्हतं. माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने 1997 मध्ये अमेरिकेतलं हळदीचं पेटंट रद्द करवलं, ते जखमेवरच्या वापराचं. आपण मिरवतो मात्र कॅन्सर जिंकल्यासारखं.

आता दारातली सदाफुली बघा. तीही आफ्रिकेचीच, मादागास्करची. जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. ते तपासायला कॅनडात संशोधक रॉबर्ट नोबल यांनी उंदरांना अर्क पाजला, साखर हलली नाही. टोचला तर उंदीर संसर्गाने मेले, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशीच घटल्या होत्या. नोबल तिथे थांबले नाहीत. या पेशी घटतात कशाने, याचा माग काढताना 1958 मध्ये त्यांना आणि चार्ल्स बीअर यांना व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध सापडलं. त्याच झाडातून पुढे व्हिनक्रिस्टिन आलं, जे लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर आजही देतात. परंपरा सांगत होती ते टिकलं नाही आणि जे निघालं ते परंपरेला ठाऊकच नव्हतं. एका ग्रॅम व्हिनब्लास्टिनला वाळलेली पानं लागतात पाच क्विंटलच्या घरात. ही औषधं द्यायची शिरेतूनच, मोजून. व्हिनक्रिस्टिन चुकून मणक्यातल्या पाण्यात गेलं तर जीव घेतं. आणि आपली मंडळी साखरेसाठी सकाळी उपाशीपोटी तीच पानं चघळतात!

कॅन्सर टाळायला ज्या घरात हळदीची कॅप्सूल, तिथे कॅन्सर देणाऱ्या तंबाखूची पुडी हटकून असते, हा माझा जुना सिद्धांत. आकडे मागू नका, पानटपरीवर घटकाभर उभे राहा. गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे म्हणे.

तर मंडळी, मसाला कालवणात घाला, मजेत खा. पण तोंडातला चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर फॉरवर्ड वाचत बसू नका. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात जा आणि दाखवून या.