हमखास घोड्याचे महागडे गणित

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात पिंपळी येते. निरा डाव्या कालव्याने ओलिताखाली आणलेला हा ऊसपट्टा. आषाढात तुकोबांची पालखी याच वाटेने पुढे जाते, काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते आणि बेलवाडीला अश्वाचे. त्या रिंगणात घोडा धावतो तेव्हा तो पहिला आला की दुसरा, असा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात आणि पुढच्या मुक्कामाकडे निघतात.

योगायोग असा की साधारण त्याच सुमारास, इथून शंभर किलोमीटरवर, पुण्याच्या लष्कर भागातील रेसकोर्सवर घोड्यांचा दुसरा हंगाम सुरू होतो. पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबईचे महालक्ष्मी, असा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा वर्षानुवर्षांचा रिवाज आहे. तिथल्या घोड्यावर मात्र पैसा लागलेला असतो. आणि ज्याला त्याला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे ‘हमखास’ घोडा.

‘फेवरिटवरच लावायचे, पण मोठे लावायचे. थोडे मिळेल, पण नक्की मिळेल,’ हा युक्तिवाद ऐकायला मोठा शहाणपणाचा वाटतो. बँकेच्या व्याजापेक्षा बरे, असेही कोणी म्हणतो. हा हिशेब कुठे चुकतो, ते आज पाहू. कारण ही चूक रेसकोर्सच्या कुंपणाआड राहिलेली नाही. ती मोबाइलवरून गावोगावच्या ओसरीपर्यंत आली आहे.

रेसकोर्सवर पैज लावण्याचे दोन मार्ग असतात. एक बुकी. तो आधी भाव सांगतो आणि त्या भावाला बांधलेला राहतो. दुसरा टोट, म्हणजे टोटलायझेटर. इथे सर्वांचे पैसे एका हंड्यात जमा होतात, त्यातून क्लबचा आणि सरकारचा वाटा आधी काढला जातो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत त्यांच्या तिकिटांच्या प्रमाणात वाटली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर या गृहस्थाने ही पद्धत रूढ केली. पुढे जॉर्ज ज्युलियस या अभियंत्याने हिशेबाचे स्वयंचलित यंत्र बनवले आणि १९१३ साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या रेसकोर्सवर ते प्रथम बसले.

आपल्या शेतकऱ्याला हे दोन्ही प्रकार वेगळ्या नावांनी चांगले ठाऊक आहेत. उसाची एफआरपी हा बुकीचा भाव म्हणावा. ती आधी जाहीर होते आणि शेजाऱ्याने किती ऊस लावला यावर ठरत नाही. टोमॅटो मात्र टोटसारखा. गेल्या वर्षी भाव मिळाला म्हणून सगळ्यांनी तोच लावला की भाव कोसळतो. पीक उत्तम आले तरी हाती काही लागत नाही. टोटवरच्या फेवरिट घोड्याचे नेमके हेच होते. घोडा जिंकतो, पण त्याचे ‘पीक’ सगळ्यांनीच घेतलेले असते.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका शर्यतीवर टोटमध्ये एक लाख रुपये जमले आणि त्यातील २० टक्के कापले गेले. वाटपाला उरले ८० हजार. फेवरिटवर ६० हजार लागलेले असतील, तर तो जिंकल्यावर १०० रुपयांना १३३ रुपये मिळतील. आता तुम्ही ‘मोठे लावायचे’ म्हणून त्याच घोड्यावर आणखी २० हजार लावलेत. एकूण जमा १ लाख २० हजार, वाटपाला ९६ हजार, आणि घोड्यावर लागलेले ८० हजार. भाव उतरून १०० ला १२० झाला! तुमच्याच पैशाने तुमचा भाव पाडला. आता हा व्यवहार नुसता बरोबरीत सुटायचा तर असा घोडा सहांपैकी पाच वेळा जिंकायला हवा.

लोकांचा अंदाज अगदी अचूक आहे असे मानले, म्हणजे साठ टक्के पैसा ज्याच्यावर तो घोडा शंभरात साठदा जिंकतो असे धरले, तरी काय होते पाहा. शंभर शर्यतींवर शंभर-शंभर रुपये लावले. गेले दहा हजार. साठ वेळा १३३ प्रमाणे परत आले ७,९८०. म्हणजे कापलेले २० टक्के हेच तुमचे नुकसान. टोटमध्ये लढाई घोड्याशी नसते. ती शेजारच्या खिडकीवर तिकीट काढणाऱ्याशी असते, आणि दोघेही लढायच्या आधीच वाटा काढून घेणारा तिसरा असतो.

फेवरिटच्या बाजूने एक खरी गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. १९४९ साली ग्रिफिथ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की लोक दुबळ्या घोड्यांवर गरजेपेक्षा जास्त आणि फेवरिटवर थोडा कमी पैसा लावतात. थोड्या पैशात घबाड मिळेल ही आशा माणसाला सुटत नाही. त्यामुळे फेवरिटवर होणारा तोटा तुलनेने कमी असतो. पण कमी तोटा म्हणजे नफा नव्हे. विल्यम झिएम्बा आणि डोनाल्ड हॉश यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेतील रेससाठी एक पद्धत मांडली. ‘विन’च्या हंड्यातील भावावरून घोड्याची खरी ताकद ताडायची आणि ‘प्लेस’च्या हंड्यात तो स्वस्त दिसला तरच लावायचे. ती गणिताने शुद्ध होती; पण तिला हंडा मोठा लागतो, कपात लहान लागते, आणि चार जण तीच करू लागले की फट बुजते.

अमेरिकेतच दुसरी एक जमात आहे. भरवशाचा घोडा पहिल्या तिघांत येणारच, म्हणून त्यावर प्रचंड रक्कम लावणारी. तिथे दोन डॉलरला बहुधा किमान दोन डॉलर दहा सेंट द्यावेच लागतात, त्या पाच टक्क्यांसाठी हा खटाटोप. घोडा हरला तर पुलावरून उडीच मारावी लागेल, म्हणून त्यांना ‘पुलावरून उडी मारणारे’ म्हणतात. त्यांचा घोडा अडखळला की सारा हंडा उरलेल्या थोड्या तिकिटवाल्यांत वाटला जातो. चतुर लोक त्या दिवसाची वाट पाहत असतात. एकाच्या हमखासपणावर दुसऱ्याचा व्यवसाय चालतो.

आता आपल्याकडचा ताजा हिशेब. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. पण कर आकारताना ती जुगाराच्याच पंगतीला बसली. ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी पक्का झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. आपल्या उदाहरणात १०० रुपयांच्या पैजेमागे ४० रुपये कर धरा. खिशातून गेले १४०, घोडा जिंकला आणि मिळाले १३३. जिंकूनही सात रुपयांचा तोटा! शिवाय जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर वेगळा, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत.

मग लोक खेळणे सोडतात का? काही सोडतात, पण बरेच जण कर न भरणाऱ्या, पावती न देणाऱ्या बेकायदा बुकीकडे वळतात. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा आला. पण फोनवरच्या तोंडी सौद्याला ना ॲप लागते ना खिडकी. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये वाट करून दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. पण ती परवानगी शर्यतीला आहे, पैजेला नव्हे. रेसकोर्सवर निदान रोख रकमेपुरतेच तिकीट निघते. बेकायदा बुकी मात्र उधारीवर खेळवतो, आणि उधारीला तळ नसतो.

घरच्यांना खरा धोका असतो तो इथे. दुबळ्या घोड्यावर माणूस दहा रुपये लावतो, हमखास घोड्यावर उसाचे बिल. समजा, घोडा शंभरात ऐंशी वेळा जिंकणारा आहे. त्यावर दर वेळी सगळी पुंजी लावली, तर सलग पाच वेळा तरून जाण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के. म्हणजे तिघांपैकी दोघे पाचव्या शर्यतीच्या आत किंवा त्याच शर्यतीत धुऊन निघतात. आणि त्याआधीचे दोन-तीन विजय त्यांनी चावडीवर मोठ्या अभिमानाने सांगितलेले असतात.

म्हणून घरात कोणी ‘या वेळी नक्की आहे’ म्हणाले, तर घोडा किती जोरात पळतो हे विचारू नये. हे नक्की आहे हे आणखी किती जणांना ठाऊक आहे, वाटणीआधी कोण किती काढून घेणार, आणि हरलो तर पुढच्या हप्त्याचे काय, एवढेच विचारावे. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की बहुतेक हमखास घोडे तबेल्यातच राहतात. राहता राहिली घोडा धावताना पाहण्याची हौस; त्यासाठी आषाढात बेलवाडीला जावे. तिथे तिकीट नाही, आणि हरून परत आलेला माणूस अजून कोणी पाहिलेला नाही.