हाड कुणाचे?

आमच्या परिचयाचे एक वयोवृद्ध गृहस्थ मध्यंतरी दाताच्या दवाखान्यातून उपचार न घेताच घरी परतले. दाढ काढल्यावर उरणाऱ्या खळग्यात हाडाचे कण भरावे लागतील, असे त्यांना सांगण्यात आले होते. ‘‘हाड कुणाचे?’’ त्यांनी विचारले. ‘‘गोवंशाचे, शुद्ध केलेले,’’ असे उत्तर मिळाले. कुलाचार कसोशीने पाळणाऱ्या त्या गृहस्थांना पुढे बोलणेच सुचले नाही.

वाचकहो, या प्रश्नाला हसू नये. दात गेला की त्याभोवतीचे हाड झिजू लागते. वर्षभरात त्याची रुंदी जवळजवळ निम्म्याने घटू शकते. मग इम्प्लांटला आधार उरत नाही. म्हणून खळगा भरतात. त्यासाठी रुग्णाचे स्वतःचे, दुसऱ्या माणसाचे किंवा जनावराचे हाड, अथवा कृत्रिम द्रव्य, असे चार मार्ग आहेत.

कृत्रिम द्रव्याची कल्पना जुनीच आहे. १८९२ साली जर्मनीत ड्रीसमान यांनी हाडातील पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्याची नोंद आहे. १९६९ साली अमेरिकेत लॅरी हेंच यांनी हाडाशी सांधणारी काच तयार केली. आज मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटाचे दोन प्रकार वापरतात. हायड्रॉक्सिअॅपेटाइट वर्षानुवर्षे टिकून राहते. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हळूहळू विरघळते आणि त्याची जागा नवे हाड घेते. पुष्कळदा दोहोंचे मिश्रण करतात.

मात्र वेलीला मांडव लागतो, तसे हे द्रव्य आहे. मांडव स्वतः वाढत नाही. वाढायचे ते वेलीनेच. तंबाखूचे व्यसन किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह असेल, तर हाड नीट भरत नाही. साधारणतः चार ते सहा महिने धीर धरावा लागतो. मोठी पोकळी असल्यास स्वतःचे हाडच अधिक भरवशाचे ठरते. शिवाय प्रत्येक खळगा भरावाच लागतो, असेही नाही.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच, की संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी द्रव्य कशाचे आहे, हे निःसंकोच विचारावे. वर झाकण्याचा पातळ पडदाही पुष्कळदा प्राणिजन्य असतो. त्याचीही चौकशी करावी. डॉक्टरांनीही हे आपण होऊन सांगितले, तर अधिक बरे.

ते गृहस्थ मुलाच्या आग्रहावरून पुन्हा गेले आणि दुसरा काही उपाय आहे का, असे त्यांनी विचारले. डॉक्टरांनी कपाटातून कृत्रिम द्रव्याची कुपी काढून समोर ठेवली. ती तेथे पहिल्या दिवशीही होतीच!